गेमला दहापैकी नऊ मिळाले, म्हणजे नक्की काय?

डिसेंबर २०२५ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्‌स’ सोहळ्यात ‘क्लेर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३’ या फ्रेंच गेमने वर्षातल्या सर्वोत्कृष्ट गेमच्या किताबासह नऊ पुरस्कार पटकावले. माँपेलिए शहरातल्या ‘सँडफॉल इंटरॅक्टिव्ह’ या नव्या स्टुडिओचा हा पहिलाच गेम. मुख्य टीम तीसेक जणांची, बाकी काम बाहेरून करून घेतलेलं. समीक्षकांनी एप्रिलमध्येच त्याला नव्वदीच्या पुढे सरासरी दिली होती. एवढं कौतुक ऐकून अनेकांनी तो विकत घेतला आणि त्यातल्या काहींना तासाभरात प्रश्न पडला की यात एवढं आहे तरी काय?

आधी गेम कसा आहे ते बघू. लुमिएर नावाचं एक शहर आहे. दरवर्षी ‘पेंट्रेस’ नावाची एक अजस्र आकृती दूरच्या स्तंभावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं पाकळ्यांसारखी विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने खाली येतो आणि आता ३३ ची पाळी आलेली आहे. गेम सुरू होतो तो एका निरोपाने: गुस्ताव आणि सोफी गावातून चालत बंदराकडे जातात, लोक एकमेकांना फुलांचे हार घालत असतात, आणि सोफीकडे काही मिनिटंच उरलेली असतात. पहिला बराच वेळ आपण फारसं लढतच नाही. पुढे लढाया येतात त्याही आळीपाळीच्या. आधी तुमचा डाव, मग शत्रूचा. शत्रूचा वार नेमका येऊन पोचतो त्या क्षणी बटण दाबलं, तर तो परतवता येतो.

हे ज्याला भावतं तो या गेमसाठी जीव टाकतो. ज्याला धावत-पळत गोळीबार करायचाय त्याला हा गेम रखडलेला वाटतो. समीक्षक चुकला असं नाही आणि तो खेळणाराही चुकला नाही. चुकलं एवढंच की वरचा आकडा वाचला गेला आणि त्याखालचं परीक्षण वाचायचं राहिलं.

आकडा येतो कुठून?

बहुतेकांना दिसतो तो ‘मेटाक्रिटिक’चा आकडा. २००१ साली सुरू झालेली ही वेबसाइट स्वतः परीक्षण लिहीत नाही. वेगवेगळ्या नियतकालिकांनी आणि वेबसाइट्सनी दिलेले गुण गोळा करून ती शंभरापैकी एक सरासरी काढते. ही सरासरीही साधी नसते. काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन असतं, आणि कोणाला किती वजन द्यायचं ते मेटाक्रिटिक उघड करत नाही. जे गुण देतच नाहीत त्यांचं मत सरासरीत धरलं जात नाही. ‘युरोगेमर’सारख्या नावाजलेल्या वेबसाइटने २०१५ मध्ये गुण देणं बंद केलं होतं, २०२३ मध्ये पुन्हा तारे द्यायला सुरुवात केली. मधली आठ वर्षं त्यांच्या परीक्षणांना या हिशेबात जागा नव्हती.

सरासरीचा मोठा दोष असा की मतभेद तिच्यात दिसेनासे होतात. जपानी गेमकार हिदेओ कोजिमाचा ‘डेथ स्ट्रँडिंग’ (२०१९) घ्या. उजाड झालेल्या अमेरिकेत पाठीवर खोकी लादून, तोल सांभाळत डोंगर-नद्या पार करायच्या, असा हा गेम. जपानच्या ‘फामित्सु’ साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. त्यांनी मिळून चाळीसपैकी चाळीस दिले. ‘आयजीएन’ या वेबसाइटने दिले दहापैकी ६.८. मेटाक्रिटिकची सरासरी ऐंशीच्या थोडी वर आली. ती सरासरी वाचून वाटतं की बरा, चांगला गेम असावा. प्रत्यक्षात ‘बरा’ म्हणणारे कमीच होते. काहींच्या मते ती अजोड कलाकृती होती आणि काहींच्या मते कंटाळवाणी पायपीट. दोन्ही गटांनी वर्णन मात्र एकच केलं होतं: यात चालणं खूप आहे. निर्णयाला उपयोगी पडतं ते हे वाक्य.

प्रत्येक प्रकाराचं वचन वेगळं

गेमचे प्रकार अनेक आहेत आणि समीक्षक गेमला जोखतो तो त्याच्या प्रकाराच्या निकषावर. कसोटी वाचवायची असताना साठ चेंडूंत काढलेल्या वीस धावांना अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवतं, टी-ट्वेंटीत त्याच खेळीने सामना हातचा जातो. गेमचंही तसंच आहे. तो काय करायला निघालाय ते आधी ओळखायचं, मग ते जमलं की नाही ते बघायचं.

‘एल्डन रिंग’ (२०२२) मोकळ्या जगाचा गेम आहे, म्हणजे विस्तीर्ण प्रदेशात कुठेही फिरा. तो अवघड आहे आणि सोपा करायची सोयही नाही. सुरुवातीच्या गुहेतून बाहेर पडलं की समोरच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फेऱ्या मारत असतो, ट्री सेंटिनेल. नवखा माणूस सरळ जाऊन भिडतो आणि दोन फटक्यांत आडवा होतो. पुन्हा जातो, पुन्हा आडवा. बऱ्याच वेळाने लक्षात येतं की त्याला वळसा घालून निघून जाता येतं. दहा-वीस तासांनी, बळ कमावून परत यावं आणि मग हिशेब चुकता करावा. या गेमला सरासरी ९६ मिळाले ते बरेचसे या मोकळिकीसाठी. अडलात तर दुसरी वाट धरा, हे त्याचं वचन आहे आणि ते तो पाळतो. पण ऑफिसातून थकून आलेल्या माणसाला रोज अर्धा तास मिळत असेल, तर त्या ९६ चा त्याला काय उपयोग?

याच्या अगदी उलट ‘बलाट्रो’ (२०२४). एका माणसाने, ‘लोकलथंक’ या टोपणनावाने केलेला पत्त्यांचा गेम. पोकरचे हात, म्हणजे जोडीसारखे पत्त्यांचे ठरावीक संच, लावायचे आणि गुण जमवायचे. एक्क्यांची जोडी टाकली की हिशेब असा: जोडीचे मूळ १० अधिक दोन एक्क्यांचे ११-११ मिळून झाले ३२, त्याला जोडीसाठी ठरलेल्या दोनाने गुणलं की ६४. पहिल्या फेरीत ३०० गुण हवेत आणि हात मिळतात चार. म्हणजे नुसत्या जोड्या लावून भागत नाही. मग आपण जोकर विकत घेतो. कोणी गुणाकार वाढवतो, कोणी विशिष्ट रंगाला जास्त गुण देतो. असे दीडशे जोकर आहेत. एकमेकांना पूरक जोकर जमले की ६४ गुणांच्या जोडीतून हजारो गुण उसळतात, आणि तो क्षण खरोखर वेड लावणारा आहे. हरलात की सगळं पहिल्यापासून, दर वेळी नवे पत्ते, नवे जोकर. या प्रकाराला ‘रोगलाइक’ म्हणतात. त्याचं वचन असं की प्रत्येक डाव वेगळा वाटेल आणि हार तुमच्या निवडीमुळे झाली हे तुम्हाला कळेल.

इथे पालकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. पोकर दिसल्यामुळे युरोपच्या ‘पेगी’ या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने ‘बलाट्रो’वर १८ वर्षांचा शिक्का मारला होता. दाद मागितल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये तो १२ वर आला. यात खरे पैसे लावताच येत नाहीत. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने बंदी आणली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर. ‘गेम’ म्हटलं की सगळे एकाच पारड्यात टाकायची सवय आता सोडायला हवी.

‘ॲस्ट्रो बॉट’मध्ये (२०२४) छोटा यंत्रमानव उड्या मारत जातो. तिथे समीक्षक कथा शोधत नाही. उडी बोटांना कशी लागते, वाळूवरचं आणि काचेवरचं चालणं हातातल्या कंट्रोलरमध्ये वेगळं जाणवतं का, हे तो बघतो. ‘स्प्लिट फिक्शन’ (२०२५) दोघांनी मिळूनच खेळायचा आहे, एकट्याला खेळताच येत नाही. त्याची नव्वदीपारची सरासरी सोबतीला कोणी नसलेल्या माणसासाठी शून्यवत आहे. एकाने विकत घेतला तर दुसऱ्याला पैसे न भरता सामील होता येतं, ही त्यातली फार चांगली सोय.

आणि ज्याचं परीक्षण पहिल्या दिवशी करणंच अवघड, असाही एक प्रकार आहे: कायम ऑनलाइन चालणारे, सर्व्हरवर अवलंबून असलेले गेम. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला. समीक्षकांनी त्यातली नेमबाजी ठीकठाक आहे असं म्हटलं. खेळायला माणसंच आली नाहीत. ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद झाले आणि पैसे परत केले गेले. अशा गेममध्ये गर्दी हाही गेमचाच भाग असतो, आणि ती मोजायला समीक्षकाकडे साधन नसतं.

सगळ्यांना आठ-नऊच कसे मिळतात?

हा आक्षेप रास्त आहे. मुख्य कारण निवडीचं. एकट्या ‘स्टीम’ या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर वर्षाला पंधरा हजारांहून जास्त गेम येतात. त्यातले मोजकेच परीक्षणापर्यंत पोचतात, आणि ते बहुधा मोठ्या खर्चाचे किंवा आधीच बोलबाला झालेले असतात. खरोखर टाकाऊ गेमवर चार दिवस घालवायला कोणाला वेळ नसतो, त्यामुळे एक ते चार हे गुण जवळपास वापरलेच जात नाहीत.

मेटाक्रिटिकची रंगसंगतीही हेच सांगते. तिथे चित्रपटाला ६१ किंवा जास्त गुण मिळाले की हिरवा रंग लागतो. गेमला हिरव्यासाठी ७५ लागतात. म्हणजे ७० गुणांचा सिनेमा ‘चांगला’ आणि ७० गुणांचा गेम ‘संमिश्र’, तेही एकाच वेबसाइटवर.

याचा फटका कसा बसतो त्याचं जवळचं उदाहरण म्हणजे पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०). भाऊ गोलूला असुरांनी पळवल्यावर त्याला सोडवायला निघालेली राजी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. दगडी तटबंद्या, जाळीदार खिडक्या, कमळांची तळी, भिंतींवर चितारलेल्या पुराणकथा, प्रसंग सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. समीक्षकांनी या सौंदर्याची तोंड भरून स्तुती केली. सोबत हेही लिहिलं की लढाया तोचतोचपणाच्या आहेत, कॅमेरा अडचणीचा आहे आणि शेवट अचानक तोडल्यासारखा येतो. सरासरी सत्तरीच्या आसपास राहिली, म्हणजे पिवळा रंग. पण ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. माझ्या मते परीक्षणं बरोबर होती. कॅमेरा खरंच आड येतो आणि शेवट खरंच तुटतो. पण आपल्या देवळांच्या शिल्पांत फिरायची संधी दुसऱ्या कुठल्या गेमने दिली होती? पिवळा रंग बघून पुढे गेलेल्या मराठी माणसाच्या हातून ती निसटली, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आकड्याचा जाच बनवणाऱ्यांनाही होतो. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ (२०१०) करणाऱ्या ‘ऑब्सिडियन’ला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. ही गोष्ट पुढे स्टुडिओच्याच ख्रिस ॲव्हेलोनने जाहीरपणे सांगितली.

समीक्षक विकले जातात का?

पाकीट घेऊन गुण दिले जातात असा सरसकट समज आहे. तो मला पटत नाही. खरा प्रभाव पडतो तो यापेक्षा हळू, आडवाटेने. समीक्षकाला गेमची प्रत कंपनीकडून आधी आणि फुकट मिळते. सोबत ‘एम्बार्गो’ची अट येते, म्हणजे ठरलेल्या तारखेच्या नि वेळेच्या आधी परीक्षण छापायचं नाही. कोणाला प्रत द्यायची आणि कोणत्या यंत्रासाठीची द्यायची, हे कंपनीच्या हातात असतं.

डिसेंबर २०२० मधल्या ‘सायबरपंक २०७७’च्या वेळी याचा परिणाम सगळ्यांनी पाहिला. समीक्षकांना आधी फक्त पीसीवरची प्रत मिळाली, आणि स्वतः चित्रित केलेली दृश्यं दाखवायला परवानगी नव्हती. परीक्षणं आली, सरासरी नव्वदीच्या आसपास गेली. मग ज्यांच्याकडे सोनीचा जुना प्लेस्टेशन ४ हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र होतं, त्यांनी गेम सुरू केला. चेहरे उशिरा उमटत होते, गाड्या हवेत तरंगत होत्या, गेम मध्येच बंद पडत होता. सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला. प्लेस्टेशन ४ ची सरासरी नंतर साठीच्याही खाली आली. समीक्षकांनी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांना अर्धंच दाखवलं गेलं होतं, आणि ‘कन्सोलवर आम्ही हा गेम पाहिलेला नाही’ हे वाक्य ठळक छापायला हवं होतं.

जाहिरातदारांचा दबाव मुळीच नसतो असंही म्हणता येत नाही. २००७ मध्ये ‘गेमस्पॉट’ या वेबसाइटने जेफ गर्स्टमन या अनुभवी समीक्षकाला काढून टाकलं. ज्या गेमच्या जाहिराती तेव्हा साइटभर झळकत होत्या, त्याच ‘केन अँड लिंच’ला त्याने कमी गुण दिले होते. कमी गुणांवरून जाहिरातदारांचा दबाव होता, हे त्याने २०१२ मध्ये उघडपणे सांगितलं. हे प्रकरण इतकी वर्षं लोकांच्या लक्षात राहिलं, म्हणून अशा गोष्टी आता लपवणं जड जातं.

मग खेळणाऱ्यांचंच मत घ्यावं ना?

घ्यावं, पण ते मोजलं कसं जातं हे समजून. स्टीमवर गुण नसतात, फक्त अंगठा वर किंवा खाली. समजा शंभर जणांनी गेम खेळला आणि प्रत्येकाला तो दहापैकी साडेसहाचा वाटला. सगळे अंगठा वर करतील. स्टीम म्हणेल १०० टक्के, तर मेटाक्रिटिकच्या पद्धतीने येतील ६५. दोन्ही खरं आहे. टक्केवारी सांगते की किती लोक खट्टू झाले नाहीत. कितपत भारावले ते ती सांगत नाही.

शिवाय झुंडीचा प्रश्न आहे. ठरवून एकगठ्ठा वाईट मतं टाकण्याला ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ म्हणतात. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला. समीक्षकांची सरासरी ९३. वीस-पंचवीस तासांच्या या गेमवर काही तासांतच हजारो शून्यं पडली, अर्थात ती टाकणाऱ्यांनी गेम संपवलेला असणं शक्य नव्हतं. त्यानंतर मेटाक्रिटिकने गेम आल्यापासून ३६ तास वाचकांची मतं न घ्यायचा नियम केला.

पण प्रत्येक झुंड खोटी नसते. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या पीसी खेळाडूंवर सोनीने प्लेस्टेशन खात्याची सक्ती आणली. कित्येक देशांत असं खातं उघडताच येत नव्हतं. दोन लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली आणि काही दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. फेब्रुवारी २०२५ मधला ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्‌स’ समीक्षकांना आवडला, पण स्टीमवर पहिल्या दिवसापासून मत ‘संमिश्र’ होतं, कारण साध्या पीसीवर तो अडखळत चालत होता. सप्टेंबर २०२५ मधल्या ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ला जगभर दाद मिळत असताना चिनी खेळाडूंची मतं खाली गेली, कारण चिनी अनुवाद त्यांना अवजड आणि वाईट वाटला. ही तक्रार गेमचीच आहे आणि ती एकही इंग्रजी समीक्षक करू शकला नसता. म्हणून खेळणाऱ्यांच्या मतांत टक्केवारी बघण्यापेक्षा तक्रार कशाबद्दल आहे ते बघावं. स्टीमवर प्रत्येक मताशेजारी किती तास खेळला तेही लिहिलेलं असतं.

गेम बदलतो, आकडा तिथेच राहतो

मेटाक्रिटिक एखाद्या प्रकाशनाने दिलेला पहिला आकडाच धरतं, नंतर सुधारलेला नाही. गेम मात्र सुधारत जातात. ‘सायबरपंक’ सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर ओळखू येणार नाही इतका बदलला. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये शिव्याशाप घेऊन आला. छोट्याशा ‘हॅलो गेम्स’ने वर्षानुवर्षं फुकट भर घातली आणि २०२४ च्या अखेरीस स्टीमवरचं एकूण मत ‘अतिशय सकारात्मक’पर्यंत पोचलं. जुना गेम सवलतीत दिसला तर परीक्षणाची तारीख आधी बघा.

पैसे देण्याआधी

नवा मोठा गेम कन्सोलवर पाच हजारांच्या घरात जातो. एवढ्या पैशांसाठी पंधरा मिनिटं वाचन करणं जड नाही. ज्याने गेम पूर्ण केलाय अशा समीक्षकाचं एक स्तुतीचं आणि एक नावडल्याचं परीक्षण घ्या. नावडल्याचं आधी वाचा. त्यातली तक्रार वाचून ‘हे तर मला चालेल’ असं वाटलं, तर तो गेम बहुधा तुमचा आहे. कोणत्या यंत्रावर खेळून लिहिलंय ते तपासा, कारण समीक्षकाचा संगणक आणि आपला लॅपटॉप यांत बराच फरक असतो. एकच समीक्षक काही महिने वाचत राहिलात तर त्याची आवडनिवड कळते, आणि मग त्याचे सहा गुणसुद्धा तुमच्यासाठी शिफारस ठरू शकतात.

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. छोट्या गेमसाठी ही सोय उत्तम. पण ‘एक्सपिडिशन ३३’सारख्या गेममध्ये त्यातला बराच वेळ लुमिएरच्या गल्ल्यांत आणि बंदरावरच्या निरोपात जातो. लढाया पुढे कशा रंगतात ते दोन तासांत उमगत नाही, आणि तिथे शेवटपर्यंत खेळून लिहिलेल्याच्या शब्दावर भिस्त ठेवावी लागते.